यादीतल्या बायका आणि गावातल्या बायका

(गावच्या रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं)

जेवणं उरकली असतील, कुणी तांदूळ निवडत बसली असेल, कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडत असेल. हात चालू द्या, पण कान जरा इकडे ठेवा, कारण आज थोडा हिशोब करायचा आहे.

मी अंगणवाडी सेविका. काही वर्षं आमच्या वस्तीची बीएलओही होते. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नाव मोठं, काम मतदार यादी घेऊन घरोघर फिरण्याचं. कुठे हे काम सेविकेकडे असतं, कुठे शाळेतल्या गुरुजींकडे, कुठे तलाठ्याकडे. आपलं रोजचं काम सांभाळून करायचं. आज त्या यादीबद्दल सांगते, पण सुरुवात दारूच्या दुकानापासून करते.

आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान होतं. बायकांनी ठरवलं, हे बंद करायचं. आपल्या राज्यात त्यासाठी २००८ चा सरकारी आदेश आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. दुकान राहू दे म्हणणारीने उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणारीने आडवीवर. आमच्याकडे सह्या झाल्या, मतदानही झालं. आडव्या बाटलीला भरभरून मतं पडली. उभ्या बाटलीला तिच्या निम्मीसुद्धा नव्हती. आणि दुकान सुरूच राहिलं.

बायका चक्रावल्या. कुणी म्हणालं, पैसे चारले. कुणी म्हणालं, मोजणीत घोळ केला. तसं काही नव्हतं. नियम असा आहे की मतदानाला आलेल्या बायकांच्या नव्हे, तर यादीत नाव असलेल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आणि यादी फुगलेली होती.

आता हिशोब. आकडे मी समजण्यापुरते घेते. समजा यादीत ८०० बायकांची नावं आहेत. म्हणजे आडव्या बाटलीला ४०१ मतं लागणार. पण त्या ८०० मधल्या ४५ जणी देवाघरी गेल्यात. १२० लेकी लग्न होऊन सासरी नांदतात, नाव मात्र अजून इथेच. ३५ नावं एक तर दोनदा आलेली, नाही तर गाव सोडून गेलेल्यांची. गावात खरोखर राहतात ६०० बायका. त्यातल्या ३८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. ६०० मधल्या ३८० म्हणजे चांगली बहुमताची गोष्ट. पण हव्यात ४०१, म्हणून हरलो. यादी स्वच्छ असती तर ३०१ पुरल्या असत्या. जी बाई दहा वर्षांपूर्वी वारली, तिने जणू येऊन उभ्या बाटलीला मत दिलं.

(हे परवान्याच्या दुकानाबद्दल बोलतेय. हातभट्टी चालत असेल तर त्याला मतदान लागत नाही, तो सरळ गुन्हा आहे.)

तेव्हापासून मी यादीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आपल्याला वाटतं, यादी म्हणजे मतदानाच्या दिवशी शाळेत जायचं, बोटाला शाई लावायची, तेवढ्यापुरती. तसं नाही. ग्रामसभेचे सभासद कोण? गावात राहतो तो प्रत्येक जण, असं आपण म्हणतो. पण घटनेत लिहिलंय, गावच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ते. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तरी त्या यादीत नाव लागतं. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांना आहेत. पण जागा राखीव आहे आणि उभी राहणारीचं नाव यादीत नाही, तर त्या जागेचा तिला काय उपयोग?

ही यादी बनते कशी, ते आता सांगते.

लोकसभेला आणि विधानसभेला एकच यादी चालते. ती भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली बनते. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रांत साहेब. त्यांच्या हाताखाली तहसीलदार, आणि अगदी खाली आपली बीएलओ. मतदारसंघाची यादी भागाभागात असते. एक भाग म्हणजे एका मतदान केंद्राची वस्ती. म्हणून नाव शोधताना गाव पुरत नाही, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो. वहीच्या शेवटच्या पानावर हे दोन आकडे लिहून ठेवा.

नाव येण्यासाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. आधी २१ लागायची, १९८९ पासून १८ झाली. १८ कुठल्या तारखेला पूर्ण, हेही ठरलेलं असतं, त्याला अर्हता दिनांक म्हणतात. पूर्वी फक्त १ जानेवारी होती. २ जानेवारीला जन्मलेल्या पोरीला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. २०२२ पासून वर्षात चार तारखा झाल्या, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मुलगी १७ ची झाली की आधीच अर्ज देऊन ठेवता येतो. तारीख आली की नाव चढतं.

दरवर्षी साधारण दिवाळीच्या आगेमागे कच्ची यादी लागते, तिला प्रारूप यादी म्हणतात. मतदान केंद्रावर, बीएलओकडे, तहसीलला ती बघायला मिळते. मग काही आठवडे दावे आणि हरकतींचे. दावा म्हणजे माझं नाव घ्या. हरकत म्हणजे हे नाव चुकीचं आहे, काढा. अर्जांची चौकशी होऊन पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अंतिम यादी निघते. अंतिम म्हटलं तरी ती बंद होत नाही. वर्षभर अर्ज घेतात, नवी नावं पुरवणी यादीत जोडतात. अगदी लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीतही उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत नाव चढवता येतं. पण चौकशीला दिवस लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

अर्जांचे नमुने असतात. सगळे पाठ करायची गरज नाही, तीन लक्षात ठेवा. पहिल्यांदाच नाव घालायचं तर नमुना ६. नाव काढायचं तर नमुना ७. पत्ता बदलला, नावात चूक आहे, वय चुकलंय, कार्ड हरवलं, यातल्या कशालाही नमुना ८. बीएलओकडे मिळतात, मोबाइलवरूनही भरता येतात, आणि १९५० या क्रमांकावर फोन केला की माहिती देतात. नमुना ६ ला फोटो लागतो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. विजेचं बिल बाईच्या नावावर कुठून असणार? त्याचीही सोय आहे. नवऱ्याचं किंवा आईवडिलांचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल, तर त्यांच्या नावाचं बिल चालतं. आणि एक सांगते, अर्जात नातेवाइकाचं नाव लिहायचं असतं तिथे नवऱ्याचंच लिहिलं पाहिजे असं नाही. वडिलांचं लिहा, आईचंही चालतं. टाकलेल्या बाया या रकान्यापाशी येऊन थांबतात, मी पाहिलंय. थांबू नका.

आता नावाचीच गोष्ट निघाली म्हणून थोडं मागे जाते. १९५१-५२ ला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हाची. सुकुमार सेन नावाचे मुख्य निवडणूक आयुक्त होते. घरोघर जाऊन कोट्यवधी नावं लिहायची होती, आणि बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश अशा भागांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. लिहिणाऱ्यानेही लिहून टाकलं, अमक्याची आई, तमक्याची बायको. सेन साहेबांनी सांगितलं, असं चालणार नाही, नाव बाईचं स्वतःचं हवं. मुदत वाढवून दिली, पुन्हा विचारायला माणसं पाठवली. तरीही देशातल्या सुमारे आठ कोटी महिला मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची खरी नावं मिळालीच नाहीत, आणि त्यांच्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो. तिथे स्वतःच्या नावाचीच अडचण झाली.

ते जुनं झालं असं म्हणाल, पण आपल्याकडे निराळ्या वाटेने तेच होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात. हौस म्हणून छान. पण शाळेच्या दाखल्यावर ती मंगल, सासरी झाली वैशाली. बँकेत एक नाव, आधारला दुसरं, यादीत तिसरंच. ही एकच बाई आहे हे तहसीलच्या टेबलावर कसं कळणार? नाव बदललंच असेल तर लग्न नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जपून ठेवा आणि नमुना ८ ला जोडा. मला विचाराल तर पहिलं नाव बदलूच नये, पण हे माझं मत झालं. सासूबाईंशी भांडायला लावलं म्हणून माझ्यावर येऊ नका.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. सांगायला बरं वाटत नाही.

आमच्या वस्तीतली पुष्कळ घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात, ते उन्हाळा लागला की परत. आणि नेमकं त्याच दिवसांत यादीचं काम निघतं. एका घराला मी तीनदा गेले, तीनदा कुलूप. शेजारीण म्हणाली, कारखान्याला गेलेत. मी माझ्या वहीत लिहिलं, स्थलांतरित. नोटीस निघाली, ती बंद दाराला लावली. उत्तर कोण देणार? नाव गेलं.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. त्या प्रभागात महिलेची जागा होती. बायकांनी तिलाच उभं करायचं ठरवलं होतं. पाच वर्षं गटाची वही तिनेच सांभाळलेली. अर्ज भरायला गेली तर यादीत नाव नाही. संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसली. ओरडली नाही. म्हणाली, "ताई, मी गाव सोडलं असं तुम्हाला कुणी सांगितलं? माझी म्हातारी सासू इथेच आहे ना." खरंच होतं. सासू मागच्या खोलीत राहायची, आणि मी पुढचं कुलूप बघून परत फिरले होते.

कायदा तिच्या बाजूने होता, हे मला नंतर कळलं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलंय की माणूस काही काळ घरापासून लांब गेला म्हणून तो तिथला रहिवासी नाही, असं होत नाही. ऊस तोडायला गेलेली बाई परत येणारच असते, तिचं नाव गावातच राहायला हवं. उलट, नुसतं गावात घर आहे म्हणूनही कुणी तिथला मतदार होत नाही. म्हणजे कायमचा पुण्यात-मुंबईत गेलेला माणूस इथल्या घराच्या जोरावर इथे नाव ठेवू शकत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं तर चालतच नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

मी तिला म्हटलं, लगेच नमुना ६ भरू. भरलाही. विधानसभेच्या यादीत तिचं नाव परत आलं. पण ग्रामपंचायतीला त्याचा उपयोग झाला नाही. हे का, ते नीट ऐका, कारण इथेच पुष्कळ जणी फसतात.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. तो वेगळा. तो स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे वाटतो. कुठल्या दिवसाची यादी घ्यायची ती तारीख आयोग आधीच जाहीर करतो. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत नाव असेल तर प्रभागाच्या यादीत येणार, नसेल तर नाही. नंतर प्रभागाची कच्ची यादी लागते, तिच्यावरही हरकती घेतात. पण त्या एवढ्यापुरत्याच, की माझं नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं, किंवा विधानसभेच्या यादीत आहे आणि इथे उतरवायचं राहिलं, किंवा लिहिण्यात चूक झाली. नवीन नाव तिथे घालता येत नाही, कुणाचं काढताही येत नाही. बायका त्या वेळी तहसीलला जातात, साहेब नाही म्हणतात, आणि वाटतं मुद्दाम अडवलं. म्हणून निवडणुकीची चाहूल लागल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. काम आधीच्या दिवाळीला करायचं.

आता फुगलेल्या यादीचं काय करायचं, ते. नाव काढणं हे कुणा एकाच्या हातात नाही, आणि नसावंही. वारलेल्या माणसाचं नाव काढायला घरच्यांनी नमुना ७ भरून मृत्यूचा दाखला जोडायचा. दुसऱ्या कुणाच्या नावावर हरकत घ्यायची तर घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार हवा, त्याने कारण लिहून सही करायची. ज्याचं नाव काढायचं त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. निर्णय पटला नाही तर वर अपील आहे. आमच्यासारखी बीएलओ चौकशी करून लिहिते, पण काढायचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याचा. तुमच्या घरी अशी नोटीस आली तर ती चुलीत घालू नका. घरातलं सगळ्यात शिकलेलं माणूस बसवून वाचून घ्या, आणि दिलेल्या तारखेला जा.

कधी कधी आयोग यादी नुसती दुरुस्त न करता घरोघर जाऊन पुन्हा तपासतो. बिहारमध्ये २०२५ साली तसं झालं. १ ऑगस्टला जी कच्ची यादी लागली तिच्यात आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं नव्हती. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने सांगितलं की गाळलेली नावं कारणांसह लोकांना बघता येतील अशी लावा. आपल्या कामाचं ते एवढंच, की यादीत कुणाची नावं आहेत हे जसं विचारायचं, तसं कुणाची गेली आणि का, हेही विचारायचं.

आमच्या गटांनी त्या बाटलीच्या मतदानानंतर एक सुरुवात केली. दिवाळीनंतरच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आमच्या भागाची यादी मोठ्याने वाचायची. जुन्या माणसांचा चावडीवाचन हा शब्द आहे ना, तेच, फक्त बायकांचं आणि मंदिराच्या ओट्यावर. एक जण नाव वाचते, बाकीच्या सांगतात. "ती तर गेल्या आषाढात गेली." "ही माझी नणंद, बारामतीला दिली." "अगं, माझं वय बत्तीसचं बासष्ट झालंय." पहिल्या वर्षी दोन बैठका लागल्या. हसून पोट दुखलं, आणि मधेच एखादं नाव आलं की सगळ्या गप्प व्हायच्या, कारण ती बाई परवापर्यंत इथेच बसायची. बीएलओला दहा फेऱ्यांत कळत नाही ते बायकांना एका दुपारी कळतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी आम्ही वेगळी लिहितो आणि बीएलओच्या हातात देतो, की ही कुलपं उन्हाळ्यात उघडतात. आता त्या कामावर मी नाही, दुसऱ्या ताई आहेत. पहिल्यांदा त्यांना वाटलं आपण त्यांच्या चुका काढतोय. आता त्याच विचारतात, वाचन कधी आहे?

मतदानाच्या दिवसाबद्दल दोनच गोष्टी. कार्ड असलं आणि यादीत नाव नसलं, तर मत देता येत नाही. नाव असलं आणि कार्ड हरवलं, तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं पासबुक असं ठरवून दिलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असं कळलं, तर रडत परत येऊ नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवून "प्रदत्त मत" मागा. यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर देतात. मेलेल्यांची आणि गेलेल्यांची नावं यादीत पडून राहिली की असल्या उद्योगांना वाव मिळतो, म्हणून अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत अशांची वेगळी यादी करून केंद्रावर देतात.

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंची चिठ्ठी आली होती, तिचं उत्तर देऊन थांबते. त्यांनी विचारलंय, माहेरच्या यादीतून नाव काढलं तर वडिलांच्या जमिनीवरचा हक्क जातो का? भाऊ म्हणतो, नाव राहू दे. वहिनी म्हणते, काढून टाक. ताई, मतदार यादीचा आणि सातबाऱ्याचा काही संबंध नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला, तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तो तुम्ही मत कुठे देता यावर ठरत नाही. रेशन कार्डाचंही तेच, तो कागद वेगळा, ही यादी वेगळी. तुम्ही सासरी राहता, तर नाव सासरी हवं. त्यासाठी नवा नमुना ६ भरू नका, नाही तर नाव दोनदा होईल. सासरच्या पत्त्याचा पुरावा लावून नमुना ८ भरा, म्हणजे नाव इकडे येतं आणि तिकडचं निघतं. त्या नमुन्यात जुन्या मतदार कार्डाचा क्रमांक लिहावा लागतो. तुमचं कार्ड अजून माहेरच्या ट्रंकेत असेल, तर भाऊबीजेला जाल तेव्हा घेऊन या.